ठिबकचा तयार संच: २४ कुंड्या, एक टाकी आणि ५ महिने

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, ३ महिने वजन उचलायचं नाही. मी विचारलं, ५ लिटरची झारी चालेल का? ते नुसते हसले. म्हणजे नाही.

आमच्या गच्चीवर २४ कुंड्या आहेत. रोज संध्याकाळी ती झारी ८ वेळा भरायची आणि सगळ्यांना पाजत फिरायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. ऑपरेशननंतर पहिला आठवडा पाणी यांनी घातलं. यांची पद्धत अशी, की दाराजवळच्या कुंड्यांना महापूर आणि कोपऱ्यातल्यांना ‘उद्या बघू’. आठवड्याने मी काठी टेकत गच्चीवर गेले, तर दारातली कोरफड कुजायला लागलेली आणि कोपऱ्यातला टोमॅटो मान टाकून बसलेला. मुलाने माझा चेहरा बघितला आणि त्याच रात्री ठिबकचा तयार संच मागवला.

५ महिने तो वापरतेय, म्हणून आता लिहायला बसले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. अशा पेट्या बऱ्याच नावांनी मिळतात आणि आतला माल पुष्कळसा सारखाच असतो, त्यामुळे तुमची पेटी वेगळ्या रंगाची असली तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. पाइप चांगले. ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारी बोंडं, चांगले. टायमर आमच्या काहीही उपयोगाचा नाही. गाळणी नावापुरती. माहितीपत्रक रद्दीत. ५ पैकी साडेतीन. जो दीड गुण मी कापलाय, त्यातल्या एकाचं कारण पेटीवर छापलेलं होतं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आणि तळाच्या बाजूला. पेटीचा तळ कोण वाचतं?

पेटीत निघालं ते असं. १६ मिमीचा काळा पाइप १५ मीटर, म्हणजे मुख्य लाइन. ४ मिमीची बारीक नळी २० मीटर, म्हणजे लाइनपासून कुंडीपर्यंतचा फाटा. ताशी ४ लिटरचे ३० ड्रिपर. लाल टोपीचे, फिरवून कमी-जास्त करायचे १० ड्रिपर. नळी मातीत रोवायच्या काड्या, जॉइनर, टी, एल्बो, एंड कॅप, भोक पाडायचा पंच, नळाला लावायचं तोंड आणि २ सेलवर चालणारा टायमर. चुकीचं भोक पडलं तर ते बुजवायला लागणारी बुचं फक्त ४. ज्याने ही पेटी भरली त्याने स्वतः कधी पंच हातात धरलेला नसणार, हे या एका आकड्यावरून कळतं.

जोडायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. वेटोळं करून आलेला पाइप सरळ होत नाही, अंगावर धावून येतो. तो आधी उन्हात पसरून ठेवा. तासाभरात मऊ पडतो आणि मग सांगाल तसा लोळतो. बारीक नळी जॉइनरवर चढत नसेल तर जोर लावू नका. थर्मासमध्ये कढत पाणी घेऊन बसायचं, नळीचं टोक त्यात १०-१५ सेकंद बुडवायचं आणि लगेच चढवायचं. गार झालं की ती अशी घट्ट बसते की परत काढायची तर कापावीच लागते. हे माहितीपत्रकात नव्हतं. त्यात एका हसऱ्या बाईचं चित्र होतं, जी एका बोटाने नळी लावत होती.

मी स्टुलावर बसून पंच मारायचा आणि यांनी पाइप धरायचा, अशी वाटणी होती. पंच सरळ काटकोनात मारावा लागतो. तिरका गेला की भोक लंबगोल होतं आणि तिथून कायमची गळती. माझी ७ भोकं तिरकी गेली. त्यातल्या ४ मध्ये बुचं घातली, उरलेल्या ३ मध्ये जॉइनर घालून त्याला बोटभर नळी लावली आणि नळी दुमडून तारेने आवळली. दिसायला ओंगळ, पण ५ महिन्यांत थेंब नाही गळला. भोक पाइपाच्या पोटाला पाडू नका, कुशीला पाडा. पाण्यातला गाळ पोटाशी बसतो आणि खालचं भोक तो सगळा ओढून घेतं.

आता टायमर.

सगळं जोडून झालं, सेल घातले, वेळ लावली. बरोबर ६ वाजता टायमर ‘टक्’ वाजला. आम्ही दोघं कुंडीवर ओणवे होऊन बघत होतो. काही नाही. दोन मिनिटं झाली, काही नाही. टायमरच्या पडद्यावर मात्र पाणी चालू असल्याचं थेंबाचं चित्र ऐटीत लुकलुकत होतं. हे म्हणाले, चित्रातलं पाणी घालूया का?

मदत केंद्राला फोन केला. तिकडचा मुलगा फार अदबीने बोलला, पण त्याच्याकडे एकच उत्तर होतं: ‘मॅडम, सेल बदलून बघा.’ सेल बदलले. पुन्हा टक्, पुन्हा कोरडं. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा दुसरा मुलगा होता आणि त्याने पहिलाच प्रश्न नेमका विचारला: ‘पाणी कशावरून घेतलंय, टाकी किती उंच आहे?’

इथे सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

पाण्याला दाब मिळतो तो उंचीतून. १० मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे साधारण १ बार. टाकी केवढी आहे याला इथे महत्त्व नाही. ५०० लिटरची असो की ५,००० ची, पाण्याची पातळी जेवढी वर तेवढाच दाब. मी टेप घेऊन मोजलं. कुंडीतल्या मातीपासून भरलेल्या टाकीतल्या पाण्यापर्यंत अडीच मीटर. म्हणजे पाव बार. पेटीच्या तळाशी टायमरबद्दल लिहिलेलं होतं, कमीत कमी अर्धा बार. म्हणजे कुंड्यांच्या वर ५ मीटरवर पाणी हवं. आमची टाकी निम्म्यावर.

कमी दाबाला टायमर का चालत नाही, तेही त्या मुलाने समजावलं. त्याच्या पोटात रबराचा एक पडदा असतो. सेलवर चालणारी कॉइल त्या पडद्याला हातही लावत नाही, ती फक्त एक बारीकसं छिद्र उघडते. पडदा उचलायचं खरं काम पाणी स्वतःच्या दाबाने करतं. म्हणून दोन चिमुकल्या सेलवर तो महिनोन्महिने चालतो. पण पाण्यातच जोर नसेल तर छिद्र उघडतं, टक् वाजतं आणि पडदा जागचा हलत नाही. टाकीवर चालवायचं असेल तर बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यायचा. त्यात छोटी मोटर भोक असलेला गोळा फिरवते. पाण्याला दाब असो-नसो, भोक समोर आलं की वाट मोकळी. सेल जरा लवकर संपतात एवढंच. कंपनीने टायमर बदलून दिला नाही, कारण ‘उत्पादनात दोष नाही’. बरोबर आहे त्यांचं. दोष आमच्या टाकीच्या उंचीत होता. मग बॉल व्हॉल्व्हचा टायमर वेगळा घेतला. तुमचा संच थेट नळाला किंवा पंपाला जोडायचा असेल, तर पेटीतला टायमर बहुधा मुकाट्याने चालेल आणि तुम्ही माझ्यावर हसाल.

हाच दाब पुढे ड्रिपरमध्येही भेटला. ड्रिपरवर ४ लिटर लिहिलंय म्हणजे तासाला ४ लिटर पडतील, असं मी धरून चालले होते. ते ४ लिटर १ बार दाबाला. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाब चौथा हिस्सा झाला तर पाणी चौथाई होत नाही, निम्मं होतं. शाळेत वर्गमूळ शिकताना याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार.

कागदावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून मोजून बघितलं. प्रत्येक कुंडीत मातीवर एक रिकामी बरणी ठेवली, ड्रिपर तिच्या तोंडात अडकवला आणि बरोबर १५ मिनिटं पाणी सोडलं. बरणी जमिनीवर ठेवायची नाही. पाणी जिथे पडणार त्याच उंचीला ठेवायची, नाहीतर माप खोटं येतं. मोजायला नातवाची दुधाची बाटली घेतली, तिच्यावर २५० मिलीपर्यंत खुणा असतात. जमिनीवरच्या कुंड्यांत ४७० ते ४९० मिली भरलं. हिशोबाने ५०० यायला हवं होतं, तेव्हा ठीकच. पण लोखंडी मांडणीवरच्या ६ कुंड्यांमध्ये ३५० च्या आसपास. पहिल्यांदा वाटलं ड्रिपर खराब. अदलाबदल करून पुन्हा मोजलं, तरी तेच. मांडणी सव्वा मीटर उंच आहे. अडीचातून सव्वा गेला की उरतो सव्वा. जमिनीवरच्यांच्या तुलनेत त्यांना निम्माच दाब मिळतो.

जिथे भरपूर दाब आहे तिथे यावर दाब सांभाळणारे ड्रिपर मिळतात. दाब बदलला तरी ते सगळीकडे सारखं पाणी देतात. पण त्यांनाही आतला रबर दाबायला किमान जोर लागतोच, आमच्या पाव बारात ते काय सांभाळणार, कप्पाळ! मी सोपा उपाय केला. कुंड्याच हलवल्या. जेड, कोरफड आणि निवडुंग वर मांडणीवर गेले, टोमॅटो-मिरची-गुलाब खाली आले. ४ मोठ्या कुंड्यांना दोन-दोन ड्रिपर दिले, बाकी २० ना एकेक. एकूण २८. ५ महिन्यांत मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे, आणि त्याला एकही सुटा भाग लागला नाही.

३० मधून २८ वजा केले तर २ उरतात. त्यातला एक मी ब्लेडने चिरला. आयुष्यभर ग्रंथालयात काम केलंय, आत काय आहे हे बघितल्याशिवाय राहवत नाही. मला वाटलं होतं आत सुईएवढं भोक असेल. तसं नाही. आत एक चकती आहे आणि तिच्यावर नागमोडी, दातेरी खाच कोरलेली. मुलांच्या मासिकात ‘सशाला गाजरापर्यंत पोचवा’ असं कोडं असतं ना, अगदी तसं. पाणी प्रत्येक दाताला आपटत, भोवरे घेत, दमत जातं आणि शेवटी थेंब थेंब बाहेर पडतं. नुसत्या भोकाने इतकं कमी पाणी पाडायचं तर भोक फारच बारीक करावं लागलं असतं आणि ते पहिल्याच कचऱ्याने बुजलं असतं. लांब वाट दिल्यामुळे खाच तुलनेने रुंद ठेवता येते. मुलगा संध्याकाळी आला, चिरलेला ड्रिपर बघितला, दुसरा हातात घेतला आणि टोपी फिरवून सहज उघडून दाखवला. असो.

ही लांब वाटेची युक्ती सिम्खा ब्लास नावाच्या इस्रायली जलअभियंत्याची. १९३० च्या दशकात त्यांनी एक झाड पाहिलं. शेजारच्या झाडांपेक्षा कितीतरी वाढलेलं, आणि पाणी तर कोणी घालत नव्हतं. मुळाशी गळका पाइप निघाला. त्या गळतीचं ठिबक व्हायला मात्र स्वस्त प्लास्टिक येईपर्यंत वाट बघावी लागली. त्यांच्या रचनेवर १९६५ मध्ये हात्सेरिम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे इस्रायलमधल्या सामूहिक शेतीच्या वसाहतीत, नेताफिम ही ठिबकची कंपनी उभी राहिली. मला यातली आवडलेली गोष्ट एवढीच, की गळका पाइप बघून त्यांनी आधी प्लंबरला हाक मारली नाही.

लाल टोपीच्या १० ड्रिपरांबद्दल: ते पाव बारावर चालत नाहीत असं नाही, पण धड चालतही नाहीत. अर्धा आटा फिरवला की कारंजं, पाव आटा मागे घेतला की बंद, आणि मध्ये जे मिळतं ते दुसऱ्या दिवशी तसंच राहील याची खात्री नाही. ९ डब्यात पडून आहेत. एक पक्ष्यांच्या पाण्याच्या परळात सोडलाय. पाणी रोज ताजं राहतं आणि जास्त झालं तर कोणी तक्रार करत नाही.

पहिल्या आठवड्यात आणखी एक गोंधळ झाला. कुंडीच्या तळातून पाणी वाहायला लागलं, म्हणून वाटलं पोट भरलं. बोट खुपसलं तर ड्रिपरखालचा मुठीएवढा भाग ओला आणि बाकी सगळं भुसभुशीत कोरडं. आमच्या कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बरंच आहे. ते एकदा ठणठणीत वाळलं की पाणी धरतच नाही. थेंब सरळ खाली बोगदा करतात आणि निघून जातात. चिकण मातीत थेंब बाजूला पसरतो, वाळूत सरळ खाली जातो, आणि वाळलेल्या कोकोपीटचा स्वभाव वाळूच्याही पलीकडचा. उपाय असा केला, की सगळ्या कुंड्या एकदा हाताने चिंब भिजवल्या (झारी यांच्या हातात, सूचना माझ्या), वर वाळक्या पानांचा दोन बोटं थर दिला आणि एकदम अर्धा तास पाणी सोडण्याऐवजी सकाळी १५ मिनिटं, संध्याकाळी १५ मिनिटं असं वाटून दिलं. ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवला होता तो खोड आणि कडेच्या मधोमध सरकवला. तेव्हापासून ओल सगळीकडे सापडते. वरून माती कोरडीच दिसते, त्याला घाबरू नका. बोटाचं दुसरं पेर आत गेलं की कळतं.

मोगऱ्याचं दुखणं मात्र मला महिनाभर कळलं नाही. तो गच्चीच्या दोन पायऱ्या खाली, जिन्याच्या वळणावर होता. त्याला ड्रिपर एकच, वेळ इतरांइतकीच, आणि तरी पानं पिवळी. मी खत दिलं, मग खत थांबवलं, मग त्याच्याशी बोलून बघितलं. एका संध्याकाळी टायमर बंद झाल्यावर सहज जिन्यात बसले होते, तर मोगऱ्याचा ड्रिपर चालूच. ५ मिनिटं झाली, १० झाली, तरी थेंब पडतायत. मग डोक्यात उजेड पडला. पाणी वरून बंद झालं तरी पाइपात भरलेलं पाणी कुठे जाणार? सगळ्यात खालच्या भोकाकडे. वरचे ड्रिपर हवा आत घेतात आणि खालचा सगळ्यांचं पाणी पितो. १५ मीटर पाइपात साधारण २ लिटर पाणी मावतं. म्हणजे त्या बिचाऱ्याला दिवसातून दोनदा ही वरची रतीब चालू होती. मोगरा वर घेतला आणि त्या जागी अळू ठेवलं. अळवाला कितीही पाणी चालतं. सध्या त्याची पानं सुपाएवढी झालीत.

टाकीचा प्रसंगही सांगायला हवा, कारण तो तुमच्याकडेही होऊ शकतो. बॉल व्हॉल्व्हच्या टायमरचे सेल संपले ते नेमके तो उघडा असताना. पडद्याच्या टायमरपेक्षा याला सेल जास्त लागतात हे मी वर लिहिलंय; लिहिणं सोपं असतं. संध्याकाळी ६ ला गोळा फिरला आणि तसाच राहिला. २८ ड्रिपर मिळून तासाला ५० लिटरच्या आसपास पाणी जातं. टाकी ५०० ची. रात्रभर कुंड्या पीत होत्या आणि आम्ही झोपलो होतो. सकाळी बाथरूममधून यांची हाक आली. अंगभर साबण, डोळे मिटलेले आणि नळातून नुसता सुस्कारा. ‘अगो, तुझ्या मिरच्यांनी माझी अंघोळ केली!’

त्या दिवसानंतर प्लंबरला बोलावलं आणि ठिबकचा फाटा टाकीच्या तळाशी होता तो टाकीच्या अर्ध्या उंचीवर घेतला. आता सेल संपू दे, पाइप फुटू दे, अर्धी टाकी घरासाठी शिल्लक राहतेच. याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. तळातून पाणी घेताना टाकी उतरत जाईल तसा दाबही उतरायचा आणि कुंड्यांना पाणी कमी पडायचं. आता पातळी अर्ध्याच्या खाली गेली की ठिबक थांबतंच, आणि जेव्हा चालतं तेव्हा दाब फारसा हलत नाही. मात्र सकाळच्या पाळीआधी टाकी भरलेली हवी. ती जबाबदारी यांनी स्वतःहून घेतलीय. कारण सांगायला नको.

गाळणीबद्दल थोडक्यात. पेटीतल्या नळाच्या तोंडात पैशाएवढी एक जाळी आहे, तिला गाळणी म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात ५ ड्रिपर मंदावले. वेगळा १२० मेशचा (म्हणजे इंचाला १२० भोकांच्या जाळीचा) स्क्रीन फिल्टर बसवला. त्याच्या जाळीचं भोक साधारण १३० मायक्रॉन, म्हणजे ०.१३ मिमी असतं आणि घरगुती ड्रिपरला ते पुरतं. दर रविवारी काढून ब्रशने धुते, आणि त्याच वेळी पाइपाच्या शेवटची एंड कॅप काढून मिनिटभर पाणी जोरात सोडते. पहिलं मूठभर पाणी गढूळ येतं, ते बघूनच धुतल्याचं समाधान मिळतं. पण क्षार गाळणीत अडकत नाहीत, ते पाण्यात विरघळून येतात आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे होऊन बसतात. आमचं पाणी जड आहे. दोन महिन्यांनी ड्रिपर उघडून (टोपी फिरवून, ब्लेडने नाही) चकत्या लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. सकाळी खाच स्वच्छ. लाइनमधून शेणाचं किंवा कसलंही घरगुती द्रवखत सोडायचा मोह होतो, तो आवरा. ते हातानेच घाला.

खारींनी बारीक नळी दोनदा कुरतडली. पक्ष्यांचं परळ भरायला लागल्यापासून कुरतडलेली नाही. याचा त्याच्याशी संबंध आहे की योगायोग, ते खारींनाच ठाऊक.

पाण्याची बचत होते का, असं सगळे विचारतात. माझा हिशोब: झारीने रोज ४० लिटर जायचं, ठिबकने २५ च्या आसपास जातं. शिवाय गच्ची ओली राहत नाही, शेवाळ धरत नाही, आणि नव्या गुडघ्याला घसरण्याची भीती परवडणारी नाही.

एक तक्रार संचाबद्दल नाही, पण ठिबकबद्दल आहे. झारी घेऊन फिरायचे तेव्हा प्रत्येक झाडाचं तोंड रोज दिसायचं. ठिबक आल्यावर पाणी आपोआप जायला लागलं, आणि मी आठवडा-आठवडा वर फिरकत नव्हते. त्याच काळात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसला. मला दिसला तेव्हा सगळे शेंडे पांढरे झाले होते. निम्मी जास्वंद छाटावी लागली. झारीच्या दिवसांत हे झालं नसतं, दुसऱ्याच दिवशी पकडला असता. आता गुडघा बरा आहे, म्हणून रोज संध्याकाळी ६ ला टायमर टक् वाजायच्या वेळी मी रिकाम्या हाताने वर जाते आणि पानं उलटून बघते.

घ्यावा का? थेट नळावर किंवा पंपावर चालवणार असाल तर हाच संच घ्या, फिल्टर मात्र चांगला वेगळा घ्या. टाकी कुंड्यांपासून ५ मीटर किंवा त्याहून वर असेल तरीही हाच घ्या. आमच्यासारखी दोन-अडीच मीटरवर असेल तर टायमर नसलेला संच घ्या आणि बॉल व्हॉल्व्हचा टायमर जोडा. आम्ही दोन टायमरचे पैसे मोजले, तुम्ही एकाचेच मोजा. आणि टाकी कुंड्यांपासून जेमतेम मीटरभरच वर असेल, तर ड्रिपरच्या भानगडीत न पडता नुसती बारीक नळी सोडून तिची लांबी कमी-जास्त करून पाणी जुळवा. नळी जितकी लांब तितकं पाणी कमी. ती आपल्या परीने तीच लांब वाट आहे, फक्त गुंडाळलेली नाही.

काहीही घ्या, बुचं मात्र २० तरी जास्तीची मागवा.